टपालाची चाळणी : अडवलेले आणि गमावलेले

ज्वारी पाखडून झाली की खाली पडलेल्या भुशावरून एकदा हात फिरवण्याची रीत आहे. भुशाबरोबर चांगले दाणे गेले नाहीत ना, हे त्यात पाहायचे असते. संगणकावर येणारे टपाल निवडणाऱ्या साधनांचे परीक्षण करताना मात्र ही रीत सहसा पाळली जात नाही. चाळणीने टाकाऊ संदेश किती अडवले, हे मोठ्या अक्षरांत सांगितले जाते. कामाचे संदेश किती टाकून दिले, हा आकडा मात्र शोधावा लागतो.

प्रस्तुत लेखात अशा एका जुन्या साधनाचे परीक्षण करायचे आहे. संगणकीय सूचनाफलकांच्या काळात, म्हणजे इंटरनेट घरोघरी पोहोचण्यापूर्वी, फलकांवरून येणारे टपाल गाळण्यासाठी ते वापरले जाई. ते आता वापरात नाही. तरीही ते तपासण्यासारखे आहे, कारण त्याची रचना इतकी साधी होती की शाळेतील विद्यार्थ्यालाही ती पूर्णपणे समजू शकते. आजच्या चाळण्या गुंतागुंतीच्या असल्या तरी त्यांना विचारायचे प्रश्न तेच आहेत.

फलक आणि त्यांचे टपाल

संगणकीय सूचनाफलक म्हणजे टेलिफोनच्या तारेला मोडेमने जोडलेला एक संगणक. आपण आपल्या संगणकावरून त्याचा क्रमांक फिरवायचा, त्यावरचे संदेश वाचायचे, आपला संदेश ठेवायचा आणि फोन बंद करायचा. असा पहिला फलक वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी १६ फेब्रुवारी १९७८ रोजी शिकागो येथे सुरू केला. फलकाला एकच तार असेल तर एका वेळी एकालाच प्रवेश मिळे.

१९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज यांनी फलकांनाच एकमेकांना फोन करायला लावले. या जाळ्याचे नाव फिडोनेट. दर कमी असतात अशा रात्रीच्या वेळी एक फलक दुसऱ्याला फोन करी आणि साठलेले टपाल देऊन-घेऊन मोकळा होई. पुढे दोन वर्षांतच विषयवार चर्चांची सोय झाली. एका फलकावर लिहिलेला संदेश प्रत होत होत त्या विषयात सामील असलेल्या सर्व फलकांवर जाई. शेजारच्या गावाशी बोलावे तसे लोक दूरच्या खंडांतील अनोळखी माणसांशी बोलू लागले. टपाल वाढण्याचे कारणही हेच होते.

आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या आरंभी मुंबईत ‘लाइव्ह वायर’सारखे फलक चालत होते. संशोधन संस्थांची गोष्ट थोडी वेगळी होती. १९८६ साली सुरू झालेल्या एर्नेट प्रकल्पामुळे त्यांना ई-मेल मिळू लागली होती. मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी हे त्याचे महत्त्वाचे केंद्र, आणि पुण्यातील आयुकाही या जाळ्यात होते. परंतु पुण्यात घरी संगणक असलेल्या माणसाला मुंबईचा फलक गाठायचा तर एस.टी.डी.चा दर मोजावा लागे. १९९४ साली दूरसंचार विभागाने फलकांवर लाखो रुपयांचे परवाना शुल्क बसवण्याचे ठरवले, त्यामुळे हौसेने फलक चालवणाऱ्यांपुढे मोठाच प्रश्न उभा राहिला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली आणि पुढच्या काही वर्षांत फलकांचे महत्त्व ओसरत गेले.

चाळणीची गरज समजण्यासाठी एक छोटा हिशेब करू. त्या काळातील २४०० बिट प्रतिसेकंद वेगाचा मोडेम घेतला, तर एका अक्षरामागे १० बिट धरून सेकंदाला २४० अक्षरे येतात. १ लाख अक्षरांचे टपाल घ्यायला सुमारे ४१७ सेकंद, म्हणजे जवळजवळ ७ मिनिटे लागतील. यातला तिसरा भाग नको असलेला असेल तर २ मिनिटांहून अधिक काळाचे पैसे कचऱ्यासाठी गेले. रोजचा हिशेब केला तर ही रक्कम लहान नव्हती.

साधनाची रचना

१९८७ च्या सुमारास फलकांसाठी एक चांगली युक्ती निघाली. तारेवर बसून वाचण्याऐवजी सर्व नवे संदेश एका गठ्ठ्यात बांधून आपल्या संगणकावर उतरवून घ्यायचे, फोन बंद करायचा आणि मग सावकाश वाचायचे. क्यूडब्ल्यूके हा अशा गठ्ठ्याचा एक प्रकार. ‘ब्लू वेव्ह’ हा दुसरा, आणि आपल्या परीक्षणाचा विषय त्यातील चाळणी हा आहे.

ब्लू वेव्हचे दोन भाग होते. एक फलकावर बसून गठ्ठा बांधी, दुसरा वाचकाच्या संगणकावर तो उघडी. वाचकाला दोन याद्या करता येत. पहिल्या यादीत हव्या असलेल्या शब्दांची नोंद, दुसरीत नको असलेल्यांची. प्रत्येक यादीत १० जागा आणि प्रत्येक जागेत २० अक्षरे. नकोशा यादीतला शब्द जुळला की तो संदेश गठ्ठ्यात बांधला जात नसे. यात अनुमान नाही आणि सांख्यिकीही नाही. अक्षरे जुळली की संदेश गळला, एवढाच नियम.

याच्याच जोडीला अनेक वाचन-साधनांत ‘ट्विट फिल्टर’ असे. ट्विट या इंग्रजी शब्दाचा तेव्हाचा अर्थ होता मूर्ख किंवा त्रासदायक माणूस. ज्याचे लिखाण नको त्याचे नाव यादीत टाकले की काम झाले. ही कल्पना फलकांची खास अशीही नव्हती. यूझनेट या दुसऱ्या जाळ्यावर लॅरी वॉल यांच्या १९८४ मधील वाचन-आज्ञावलीत अशीच सोय होती.

गुण कोणते?

पहिला गुण म्हणजे चाळणी योग्य जागी होती. गठ्ठा बांधण्यापूर्वीच संदेश गळत असल्यामुळे फोनचे पैसे खरोखर वाचत. चाळणी फक्त वाचकाच्या संगणकावर असती तर कचरा आधी विकत घेऊन मग फेकावा लागला असता.

दुसरा गुण याहून मोठा. चाळणी चाले फलकावर, पण यादी असे वाचकाची. एकाच फलकावरचे दोन वाचक दोन वेगळ्या याद्या ठेवू शकत. एकाला क्रिकेट नको, दुसऱ्याला राजकारण नको. एकाच्या निवडीने दुसऱ्याचे टपाल कमी होत नसे.

तिसरा गुण म्हणजे नियम समजण्यासारखा होता. एखादा संदेश का आला नाही, याचे उत्तर दहा शब्दांच्या यादीत डोळ्यांनी शोधता येई. आजच्या कितीतरी साधनांना हा गुण उरलेला नाही.

दोष कोणते?

आता भुशात हात घालू.

अक्षरे जुळवणाऱ्या चाळणीला अर्थ कळत नाही. जाहिरातींना कंटाळून कोणी ‘फ्री’ हा इंग्रजी शब्द यादीत टाकला, तर ‘फ्री फॉल’ म्हणजे मुक्त पतनावरची चर्चाही गळेल. बक्षिसांच्या आमिषाला आळा घालण्यासाठी ‘विन’ हा शब्द टाकला, आणि साधन शब्दाच्या पोटातली अक्षरेही जुळवणारे असले, तर डार्विनवरचे सगळे संदेश जातील. १९९६ साली अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या चाळणीने इंग्लंडमधील स्कनथॉर्प गावच्या लोकांना आपल्या गावाचे नाव नोंदवू दिले नाही, कारण त्या नावाच्या पोटात एक अपशब्द दडलेला होता. आपल्याला इतके दूर जायला नको. दीक्षित हे आडनाव रोमन अक्षरांत लिहून पाहावे. तिथेही इंग्रजीतला एक अपशब्द सापडतो. त्या चाळणीला दीक्षित गुरुजींचे पत्र आणि शिवीगाळ यांत फरक दिसणार नाही.

मराठीपुरता विचार केला तर दोष आणखी वाढतो. त्या काळी बहुतेक मराठी टपाल रोमन अक्षरांत लिहिले जाई. ‘जाहिरात’ हा शब्द घ्या. ‘जा’मधील स्वर एका ‘ए’ने किंवा दोन ‘ए’ंनी लिहिता येतो, ‘हि’मधील स्वर ‘आय’ने किंवा दोन ‘ई’ंनी, आणि ‘रा’मधील पुन्हा दोन प्रकारे. २ × २ × २ = ८ रूपे झाली. एका मराठी शब्दाने दहापैकी आठ जागा खाल्ल्या. इंग्रजी वाचकाला दहा शब्दांची चाळणी मिळाली, मराठी वाचकाला जेमतेम सव्वा शब्दाची.

देवनागरीत लिहिले म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली आणि पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट तंत्रज्ञान तिचा वापर करी. पण बाजारातील अनेक फाँटांनी आपापले संकेतांक वापरले. पडद्यावर सारखाच दिसणारा शब्द संगणकाच्या आत निराळा असे. आज युनिकोडमुळे ही अडचण बरीच दूर झाली आहे, परंतु मराठी व्याकरणाची अडचण कायम आहे. यादीत ‘बक्षीस’ लिहिले तर ‘बक्षिसाची रक्कम’ जुळणार नाही, कारण सामान्यरूपात दीर्घ ‘क्षी’चा ऱ्हस्व ‘क्षि’ होतो. हा नियम आपण सातवी-आठवीत शिकवतो. इंग्रजी नजरेसमोर ठेवून बनवलेल्या चाळणीला तो ठाऊक नव्हता.

तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे. गळलेला संदेश गठ्ठ्यात नसे, म्हणून तो गळला हे वाचकाला गठ्ठा पाहून कळत नसे. फलकावर तो काही दिवस राही, पण डिस्कवरची जागा अपुरी असल्याने जुने संदेश पुसले जात. आलेला कचरा डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याचा राग येतो. न आलेले पत्र दिसतच नाही. त्यामुळे चाळणी वापरणारा माणूस बहुधा समाधानी असतो, आणि त्याचे समाधान हा चाळणी चांगली असल्याचा पुरावा ठरत नाही.

टक्केवारीचा फसवेपणा

हा मुद्दा गणिताने अधिक स्पष्ट होईल. समजा एका फलकावर १००० संदेश आले. त्यांपैकी २०० टाकाऊ आणि ८०० कामाचे आहेत. आपली चाळणी टाकाऊ संदेशांपैकी ९० टक्के पकडते आणि कामाच्या संदेशांपैकी ५ टक्के चुकून टाकते. म्हणजे १८० टाकाऊ पकडले गेले आणि ४० कामाचे गेले. गाळलेल्या एकूण २२० संदेशांपैकी ४०, म्हणजे सुमारे १८ टक्के, चांगले दाणे होते.

आता हीच चाळणी शिक्षकांच्या एखाद्या शांत चर्चेवर लावू. तिथे १००० पैकी फक्त ४० टाकाऊ आहेत. चाळणी ३६ पकडेल, पण ९६० च्या ५ टक्के म्हणजे ४८ कामाचे संदेशही टाकेल. गाळलेल्या ८४ संदेशांपैकी निम्म्याहून अधिक उपयोगाचे निघाले! साधनात काहीही बदल झालेला नाही. ‘९० टक्के यशस्वी’ ही जाहिरात दोन्ही ठिकाणी सारखीच खरी आहे. बदलले ते फक्त टपालातील कचऱ्याचे प्रमाण. जिथे कचरा कमी तिथे चाळणीचा उपद्रव जास्त, हा निष्कर्ष पहिल्या ऐकण्यात उलटा वाटतो, पण आकडे तेच सांगतात. दुर्मिळ रोगाच्या तपासणीतही हीच अडचण येते.

म्हणून चाळणीचे परीक्षण करताना एक आकडा पुरत नाही. अडवलेला कचरा आणि गमावलेले चांगले टपाल, असे दोन आकडे वेगवेगळे मागितले पाहिजेत. शिवाय दोन्ही चुकांची किंमत सारखी नसते. एक जाहिरात वाचण्यात दहा सेकंद जातात. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीचे पत्र गळले तर एका विद्यार्थ्याचे वर्ष जाते.

पुढच्या पिढीने काय सुधारले?

१९९८ मध्ये सहामी, ड्यूमे, हेकरमन आणि हॉर्विट्झ या संशोधकांनी ठरावीक शब्दांची यादी सोडून संभाव्यतेचा मार्ग सुचवला. त्याचा पाया थॉमस बेझ यांचा, त्यांच्या निधनानंतर १७६३ साली प्रसिद्ध झालेला सिद्धांत हा होता. यात कोणताही एक शब्द दोषी ठरत नाही. ‘फ्री’ आला म्हणून संशय थोडा वाढतो, ‘फॉल’ आणि ‘गुरुत्वाकर्षण’ आले म्हणून तो कमी होतो, आणि सर्व शब्दांची साक्ष एकत्र करून निकाल दिला जातो. याहून महत्त्वाचे म्हणजे या संशोधकांनी दोन चुकांची किंमत वेगळी धरली. संदेश टाकाऊ असल्याची शक्यता ९९.९ टक्क्यांहून जास्त असेल तरच तो टाकायचा, असा कडक निकष त्यांनी ठेवला. २००२ साली पॉल ग्रॅहम यांच्या लेखामुळे ही पद्धत लोकप्रिय झाली. वाचकाच्या स्वतःच्या टपालावरून चाळणी शिकत असल्यामुळे मराठी शब्द, त्यांची रोमन रूपे आणि सामान्यरूपेही ती हळूहळू ओळखू शकते.

गळलेले टपाल वेगळ्या कप्प्यात ठेवण्याची प्रथाही रूढ झाली. ही सुधारणा मला पहिलीइतकीच मोलाची वाटते. कारण चूक शून्यावर आणणे शक्य नाही, ती दिसेल अशी व्यवस्था करणे शक्य आहे. मात्र कप्पा पाहिला तरच त्याचा उपयोग. जीमेलमध्ये स्पॅम कप्प्यातील पत्रे ३० दिवसांनी आपोआप पुसली जातात, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

दुसरीकडे एक गोष्ट मागेही गेली. फलकावर यादी वाचकाची होती. आता चाळणीचे नियम मोठ्या संस्थांच्या यंत्रांवर असतात आणि ते एकाच वेळी कोट्यवधी लोकांना लागू होतात. चूक झाली तर तीही कोट्यवधींची होते. याचा अनुभव देशाने ८ मार्च २०२१ रोजी घेतला. नकोशा व्यापारी लघुसंदेशांना आळा घालण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ साली नियम केले होते. संदेशाचा नमुना आधी नोंदवायचा आणि त्याच्याशी जुळेल तोच संदेश पुढे जाऊ द्यायचा, अशी योजना होती. त्या दिवशी ही तपासणी लागू होताच बँका आणि इतर सेवांचे ओटीपी अडकले, लोकांचे व्यवहार खोळंबले. दुसऱ्याच दिवशी प्राधिकरणाला ही तपासणी सात दिवसांसाठी स्थगित करावी लागली. हेतू चांगला होता. लोकांना ग्राहक म्हणून त्रास देणारे संदेश रोखायलाच हवेत. पण अक्षरे जुळवणारी चाळणी वरच्या केंद्रावर बसवली की तिच्या एका चुकीने खालच्या सगळ्यांचे दाणे एकदम जातात, आणि ते परत मागण्याची सोय खालच्या माणसापाशी नसते.

माझे मत असे की, ब्लू वेव्हची चाळणी शब्द ओळखण्यात कच्ची होती, परंतु निर्णय वाचकाच्या हाती ठेवण्यात ती आजच्या अनेक साधनांपेक्षा पुढे होती. कोणतीही नवी चाळणी हाती आली की तिला चार प्रश्न विचारावेत. नियम कोण ठरवतो? गाळलेले दिसते का? ते परत आणता येते का? दोन्ही प्रकारच्या चुका मोजून सांगितल्या आहेत का? शाळेच्या संगणकांवर संकेतस्थळे रोखणारी साधने बसवतानाही हेच प्रश्न लागू पडतात. मानवी प्रजननावरचा धडा शोधणाऱ्या दहावीच्या विद्यार्थ्याला ‘प्रवेश नाही’ अशी पाटी दिसत असेल, तर ते साधन बसवणाऱ्यांना जाब विचारण्याचा शिक्षकांना अधिकार आहे.

वर्गात करून पाहा

१. मुलांना एकमेकांच्या वहीत न पाहता ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द रोमन अक्षरांत लिहायला सांगा. किती वेगवेगळी रूपे मिळाली ते मोजा. दहा जागांच्या यादीत ती मावतील का?

२. चाळीस चिठ्ठ्यांवर चाळीस संदेश लिहा. तीस कामाचे, दहा टाकाऊ. एका गटाला चिठ्ठ्या न दाखवता पाच नकोशा शब्दांची यादी करू द्या. दुसऱ्या गटाने ती यादी अक्षरशः लावून चिठ्ठ्या गाळाव्यात. अडवलेले टाकाऊ, सुटलेले टाकाऊ, गमावलेले कामाचे आणि पोहोचलेले कामाचे, अशी चार घरांची सारणी फळ्यावर भरा. मग टाकाऊ चिठ्ठ्यांपैकी आठ काढून घ्या आणि सारणी पुन्हा भरा. गाळलेल्या चिठ्ठ्यांत कामाच्या किती टक्के, हे दोन्ही वेळा काढून तुलना करा.

३. शेवटी गळलेल्या कामाच्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचा आणि प्रत्येक चिठ्ठी न मिळाल्याने कोणाचे काय नुकसान झाले असते, हे मुलांनाच सांगू द्या.